औषधजन्य स्मृतिनाश आणि मेध्य द्रव्यांची परीक्षा

मेध्य द्रव्यांविषयीचा एखादा शोधनिबंध उघडावा किंवा औषधनिर्मात्याचे माहितीपत्रक हाती घ्यावे, तर एक वाक्य हमखास भेटते : 'या द्रव्याने उंदरांमधील स्कोपोलामिनजन्य स्मृतिनाश लक्षणीय प्रमाणात उलटविला.' हे वाक्य वाचून आपणां वैद्यांस समाधान वाटते. ग्रंथात सांगितलेले प्रयोगशाळेत सिद्ध झाले, असे मनात येते आणि आपण पान उलटतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या पानावर थोडे थांबणार आहोत. स्कोपोलामिन म्हणजे काय, ते उंदरास का देतात, उलटले ते नेमके काय, आणि यातून आपल्या चिकित्सालयात बसलेल्या रुग्णाच्या पदरात काय पडते, हा या लेखाचा विषय होय.

निमित्त झाले ते आमच्याच एका रुग्णाचे. वय वर्षे ७२, टपाल खात्यातून निवृत्त, हिशेबाला चोख असा लौकिक. सूनबाई घेऊन आल्या होत्या. "मामंजी सकाळी घेतलेली गोळी दुपारी पुन्हा घ्यायला निघतात. नातवाचं नाव घेताना अडखळतात," अशी त्यांची तक्रार. वार्धक्य आणि वातवृद्धी यांवर बोट ठेवून आम्ही ब्राह्मीघृत, सारस्वतारिष्ट व शिरोभ्यंग अशी योजना केली. चार महिने उलटले, गुण नाही. पाचव्या महिन्यात सूनबाईंनी घरातील औषधांची पिशवीच आमच्या टेबलावर रिकामी केली. तीत लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन होते, अंगाच्या खाजेसाठी रात्री घ्यावयाचे हायड्रॉक्सिझिन होते आणि झोपेसाठी सर्पगंधा घनवटी होती. पहिली दोन औषधे अन्य चिकित्सकांची. तिसरे आम्हीच लिहून दिलेले होते. ही तिन्ही औषधे स्मृतीच्या आड कशी येतात, हे पुढे ओघात येईल.

धोतऱ्यातील सत्त्व

स्कोपोलामिन, ज्यास हायोसीन असेही म्हणतात, हे आपणांस परके द्रव्य नव्हे. ते धोतऱ्यात आहे आणि पारसीक यवानी अर्थात खुरासानी ओव्यातही आहे. धत्तूर उपविषांत गणला गेला आहे व त्याने होणारा मोह आपल्या शास्त्रास पूर्वापार ज्ञात आहे. वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांच्या हकिकती एकोणिसाव्या शतकातील सरकारी दफ्तरांत नोंदल्या गेल्या आहेत. धोतऱ्याची बाधा उतरल्यावर मधल्या काळातील घटना रुग्णास आठवत नाहीत, हे ज्यांनी असा रुग्ण पाहिला आहे त्यांना सांगावयास नको.

पाश्चात्त्य वैद्यकाने या गुणाचा उपयोगही केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्रोनिग व गाउस या प्रसूतितज्ज्ञांनी प्रसूतीच्या वेळी मॉर्फिन व स्कोपोलामिन एकत्र देण्याची पद्धत रूढ केली. त्या स्त्रियांना वेदना होत, त्या ओरडतही. पण नंतर त्यांना त्यातील फारसे काही आठवत नसे. वेदना टळत नव्हती, तिची आठवण टळत होती. स्मृतीच्या अभ्यासकास ही बाब फार मोलाची आहे.

खरा उलगडा झाला तो १९७४ साली. ड्रॅकमन व लेव्हिट या अमेरिकी संशोधकांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामिन दिले आणि त्यांच्या स्मृतीची परीक्षा घेतली. ऐकलेले आकडे तत्काळ म्हणून दाखविणे त्यांना जमे. परंतु नवी माहिती साठवून ठेवणे जमेना. या त्रुटीची ठेवण औषध न घेतलेल्या वृद्धांच्या विस्मरणासारखी होती. स्कोपोलामिन मेंदूतील अॅसेटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याची मस्कॅरिनिक ग्राहके अडविते. तेव्हा वार्धक्यातील विस्मरणाच्या मुळाशीही अॅसेटिलकोलीनची उणीव असावी, हा तर्क पुढे आला. १९७७ साली ड्रॅकमन यांनी दाखविले, की अॅसेटिलकोलीनचे विघटन रोखणारे फायसोस्टिग्मिन दिल्यास ही त्रुटी भरून येते. नुसती तरतरी आणणारे अॅम्फेटामिन दिल्यास भरून येत नाही. याच सुमारास अल्झायमर रोग्यांच्या मेंदूत अॅसेटिलकोलीन तयार करणारे विकर घटलेले आढळले. १९९३ साली टॅक्रिन आणि १९९६ साली डोनेपेझिल अमेरिकेत संमत झाले, ते याच विचारधारेतून. टॅक्रिन यकृतास बाधक ठरल्याने पुढे मागे पडले. डोनेपेझिल आजही वापरात आहे. लक्षणांत त्याने माफक उतार पडतो, रोगाची वाटचाल थांबत नाही.

उंदरास स्कोपोलामिन टोचून त्याची स्मृती तात्पुरती मंद करावयाची आणि परीक्ष्य द्रव्याने ती सुधारते का हे पाहावयाचे, ही पद्धत इथून जगभर पसरली. ती स्वस्त आहे, तिला दिवसही थोडे लागतात, आणि आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही ती सहज करता येते. या पद्धतीचा एवढा प्रसार होण्यामागे तिच्या अचूकतेपेक्षा ही सोयच अधिक कारणीभूत असावी, असे आम्हांस वाटते.

उंदीर काय करतो

'स्मृती सुधारली' हे निबंधातील शब्द झाले. प्रत्यक्षात मोजतात ते सेकंद. कशाचे सेकंद, हे समजून घेतल्यावाचून निष्कर्षाचे मोल कळत नाही.

आपल्याकडे फार वापरला जाणारा प्रयोग म्हणजे जमिनीपासून उंचावर ठेवलेला, अधिक चिन्हाच्या आकाराचा मंच. त्याच्या समोरासमोरच्या दोन भुजा उघड्या, तर उरलेल्या दोन भिंतींनी बंदिस्त असतात. उंदीर उघड्या भुजेच्या टोकाशी ठेवतात आणि बंदिस्त भुजेत शिरण्यास त्याला किती सेकंद लागतात ते टिपतात. दुसऱ्या दिवशी त्याच उंदरास पुन्हा तेथेच ठेवले, की तो लवकर आत शिरतो. त्याला आडोसा आठवतो, असे मानतात. स्कोपोलामिन दिलेल्या उंदरास दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तितकाच वेळ लागतो. परीक्ष्य द्रव्याने तो वेळ घटला, तर स्मृतिनाश उलटला असे म्हणतात.

येथे पहिली मेख आहे. हाच मंच मुळात भय व चिंता मोजण्याचे साधन आहे. उंदीर भ्याला असेल तर आडोशाला लवकर पळेल. त्यात स्मृतीचा काय संबंध? उलटपक्षी, डायझेपामसारख्या चिंताशामक औषधाने उंदीर निर्धास्त होऊन उघड्यावरच रेंगाळतो. मग तो आडोसा विसरला म्हणावयाचे, की त्याला आडोशाची गरजच वाटली नाही म्हणावयाचे? डायझेपामजन्य स्मृतिनाशासाठी केवळ या मंचावर विसंबलेला निबंध वाचताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसरा प्रयोग विजेच्या सौम्य धक्क्याचा. उंदीर एका लहानशा चौथऱ्यावर ठेवतात. तो खाली उतरला, की जाळीतून धक्का बसतो. दुसऱ्या दिवशी तो उतरावयास कचरला, तर धक्का आठवला असे समजावयाचे. आता कल्पना करा, की परीक्ष्य द्रव्य निद्राकर आहे. जटामांसी वा सर्पगंधा यांसारख्या द्रव्याने सुस्तावलेला उंदीर चौथऱ्यावर बसूनच राहील आणि त्याची स्मृती उत्तम ठरेल! याच्या उलट, द्रव्य वेदनाशामक असेल तर धक्का जाणवणारच नाही, उंदीर खुशाल उतरेल आणि स्मृती मंद ठरेल. म्हणून चांगल्या निबंधात उंदराची हालचाल स्वतंत्रपणे मोजलेली असते आणि वेदनेची जाणीवही तपासलेली असते. ही दोन कोष्टके निबंधात नसतील, तर आम्ही निष्कर्षाकडे वळत नाही.

तिसरा प्रयोग रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडला. गोल हौदातील पाणी दूध वा रंग घालून गढूळ करतात आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली एक लहान मंच दडवितात. घूस वा उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि खोलीतील खुणांवरून त्याची जागा ध्यानात ठेवतो. शेवटी मंच काढून घेतात आणि प्राणी हौदाच्या कोणत्या भागात घुटमळतो ते पाहतात. आमच्या मते या तिन्हींत हा प्रयोग सर्वांत बोलका आहे. कारण भित्रेपणा वा सुस्ती यांतून जागेची आठवण निर्माण होत नाही. तरीही स्कोपोलामिनने बाहुल्या विस्फारतात व दृष्टी धूसर होते, हे विसरू नये. म्हणून मंच पाण्याबाहेर दिसेल असा ठेवूनही एक फेरी घ्यावी लागते. दिसणाऱ्या मंचाकडेही प्राणी जात नसेल, तर दोष स्मृतीचा नाही.

आणखी एक तपासणी फार उपयुक्त आहे. मिथिलस्कोपोलामिन हा स्कोपोलामिनचाच एक प्रकार मेंदूत फारसा शिरत नाही. त्याने तोंड कोरडे पडते, नाडी वाढते. पण स्मृती शाबूत राहते. त्या उंदरांचा वेगळा गट ठेवला, तर शरीरावरील परिणाम कोणता आणि मेंदूवरील कोणता हे निराळे करता येते. जाता जाता, पोटातील कळेसाठी दिले जाणारे हायोसीन ब्युटिलब्रोमाइड हेही याच जातीचे. मेंदूत ते नगण्य शिरते. नावात हायोसीन आहे एवढ्यावरून त्यावर स्मृतिनाशाचा आरोप करू नये.

प्रतिबंध की परतावा

आपल्या ग्रंथकारांनी मेधेचे व्यापार ग्रहण, धारण आणि स्मरण असे वेगळे पाहिले. ही विभागणी येथे विलक्षण उपयोगी पडते. स्कोपोलामिन शिकण्यापूर्वी टोचले तर ग्रहण बिघडते, शिकल्यावर लगेच टोचले तर धारणेवर परिणाम पाहावयास मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या आधी टोचले तर स्मरणाची कसोटी लागते. 'स्मृतिनाश उलटविला' असे म्हणणाऱ्या निबंधात सुई केव्हा टोचली, हे वाक्य शोधावे. बहुतेक निबंधांत परीक्ष्य द्रव्य आठवडा, पंधरवडा आधीपासून चालू असते आणि स्कोपोलामिन शेवटच्या दिवशी दिलेले असते. हा प्रतिबंध झाला. स्मृती गेल्यावर ती परत आणणे झाले नाही. आपल्यापुढे येणारा रुग्ण मात्र स्मृती ढासळल्यावरच येतो.

दोन निबंध उदाहरणादाखल घेऊ. धिंग्रा, पार्ले व कुलकर्णी यांनी २००४ साली यष्टिमधूच्या जलीय सत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांना दर किलो वजनास ७५, १५० व ३०० मि.ग्रॅ. अशा तीन मात्रा सात दिवस तोंडावाटे दिल्या. त्यांपैकी १५० मि.ग्रॅ. मात्रेने ग्रहण व स्मरण सुधारले. तसेच डायझेपाम व स्कोपोलामिन या दोहोंनी आलेला स्मृतिनाश उलटला. डायझेपाम व स्कोपोलामिन मेंदूत निरनिराळ्या मार्गांनी काम करतात. एकाच द्रव्याने दोन्ही उलटावेत, याचा अर्थ ते द्रव्य कोण्या एका ग्राहकाशी झुंजत नसून काही व्यापक कार्य करीत असावे. स्वतः लेखकांनी शोथहर व ऑक्सिडीकरणविरोधी गुणांचा तर्क मांडला आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात जी चार मेध्य रसायने सांगितली, त्यांत यष्टिमधूचे चूर्ण दुधासह आहे. प्रयोगातील कल्पना जलीय सत्त्वाची आहे. हा भेद गौण मानू नये.

मात्रेचा हिशेबही एकदा मांडून पाहू. उंदराची १५० मि.ग्रॅ. ही मात्रा ६० किलोच्या माणसास सरळ गुणून लावली, तर ९ ग्रॅम सत्त्व होते. हे गणित चुकीचे आहे. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असल्याने शरीराच्या पृष्ठफळानुसार रूपांतर करतात. उंदराच्या मात्रेस ३ ने गुणून ३७ ने भागावयाचे. उत्तर येते दर किलोस सुमारे १२ मि.ग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ७३० मि.ग्रॅ. सत्त्व. ही मात्रा व्यवहारात बसते. मात्र वृद्धास यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम घटू शकते, याचे भान ठेवावे.

दुसरा निबंध १९९७ सालचा, ज्योतिष्मती बीजतैलाचा. घुशींना हे तैल चौदा दिवस दिल्यावर पाण्याच्या हौदातील स्कोपोलामिनजन्य दोष दूर झाला. विशेष म्हणजे मेंदूतील अॅसेटिलकोलीन-विघटक विकराची क्रियाही संशोधकांनी मोजली आणि तैलाचा गुण त्या विकरास रोखल्यामुळे आलेला नाही, असे नोंदविले. नुसते 'उलटले' म्हणून न थांबता 'कशामुळे नव्हे' हेही सांगणारा निबंध दुर्मीळ. म्हणून त्याचा उल्लेख केला.

माणसांवरील प्रयोगांत ब्राह्मीचा, म्हणजे जलब्राह्मी बाकोपा मोनिएरीचा, अभ्यास सर्वाधिक झाला. आपल्याकडे बागेत ब्राह्मी म्हणून लावतात तो कारिवणा, अर्थात मंडूकपर्णी, तो हा नव्हे. शंखपुष्पी या नावाखालीही दोन-तीन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. निबंध वाचताना कोणती वनस्पती ते आधी पाहावे. २००१ साली ऑस्ट्रेलियात ३०० मि.ग्रॅ. सत्त्वाची एकच मात्रा देऊन दोन तासांनी परीक्षा घेतली, तेव्हा काहीही फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात तीच मात्रा बारा आठवडे दिल्यावर मात्र निरोगी प्रौढांत शिकण्याचा वेग सुधारलेला दिसला. २००२ साली रूडनरिस व सहकाऱ्यांनी ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ जणांना तीन महिने सत्त्व अथवा निष्क्रिय गोळी दिली; नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग सत्त्वाच्या गटात मंदावला, शिकण्याचा वेग मात्र तसाच राहिला. म्हणजे धारणा सुधारली, ग्रहण नाही. हे निष्कर्ष एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. पण गुण यावयास आठवडे लागतात, याविषयी ते एकमुखी आहेत. यांतील सारे जण निरोगी होते. औषधाने स्मृती मंदावलेला रुग्ण यांत कोठेच नव्हता.

फेनिटॉइनची दोन उदाहरणे

औषधजन्य स्मृतिमांद्याचा खरा, रोजच्या व्यवहारातील प्रश्न अपस्माराच्या रुग्णांत दिसतो. फेनिटॉइनने आचके थांबतात, पण काहींची बुद्धी जड होते, विद्यार्थ्यांचा अभ्यास मागे पडतो. हे औषध बंद करता येत नाही. म्हणून येथे मेध्य द्रव्याचा शोध घेणे सर्वस्वी उचित आहे.

२००० साली वोहोरा, पाल व पिल्लै यांनी उंदरांना फेनिटॉइन चौदा दिवस दिले आणि दुसऱ्या आठवड्यात जोडीला ब्राह्मी सत्त्व, दर किलोस ४० मि.ग्रॅ., दिले. फेनिटॉइनने आलेले मांद्य ब्राह्मीने लक्षणीय प्रमाणात उलटले. ध्यानात घ्या, येथे मांद्याचा आठवडा आधी आणि ब्राह्मी मागाहून. म्हणजे ही परतावाच्या जवळची रचना झाली. त्याहून महत्त्वाचे असे, की फेनिटॉइनचे आक्षेपहर कार्य अबाधित राहिले का, हेही त्यांनी तपासले. ते अबाधित होते.

ही शेवटची तपासणी का महत्त्वाची, ते दुसऱ्या उदाहरणावरून कळते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांच्या पाहण्यात असे दोन रुग्ण आले, की ज्यांचा अपस्मार फेनिटॉइनने आटोक्यात होता आणि शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर आचके पुन्हा येऊ लागले. त्यांनी घुशींवर पडताळा घेतला आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : शंखपुष्पीच्या त्या कल्पाच्या अनेक मात्रा जोडीने दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते आणि त्याचे आक्षेपहर कार्यही उणावते.

आता हा विचार करा. रक्तातील फेनिटॉइन घटले, तर त्याने आलेली जडताही कमी होणार. कोण्या संशोधकाने नुसता हौद वा मंच वापरला असता, तर 'फेनिटॉइनजन्य स्मृतिनाश उलटविला' असेच वाक्य छापून आले असते आणि ते खोटेही नसते. उंदीर हुशार झाला, रुग्णास मात्र आचके आले. स्मृतिनाश उलटविणारे कोणतेही द्रव्य तीन मार्गांनी तसे करू शकते. ते मेंदूतील बिघाड दुरुस्त करील, किंवा अपायकारक औषधाविरुद्ध ग्राहकापाशी झुंजेल, किंवा ते औषध शरीरातून लवकर घालवील. तिसरा मार्ग धोतऱ्याच्या बाधेत हितकर ठरेल, अपस्मारात तो घातक होय. निबंधात रक्तातील औषधाचे प्रमाण मोजलेले नसेल, तर यांपैकी कोणता मार्ग घडला हे सांगताच येत नाही.

परीक्षेच्या दिवसांत शंखपुष्पीचे सिरप दुकानातून परस्पर आणले जाते. अपस्माराचे औषध चालू असलेल्या विद्यार्थ्याच्या आईस आपण हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. तसेच फेनिटॉइनवरील रुग्णास अकस्मात जडता आली, चालताना तोल जाऊ लागला, तर प्रथम रक्तातील प्रमाण तपासून घ्यावे. या औषधाची मात्रा किंचित वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम उसळी घेऊ शकते, आणि मग त्या जडतेस मेध्य द्रव्य लागत नाही, मात्रा सुधारावी लागते.

पिशवीची परीक्षा

आता त्या पिशवीकडे वळू. ऑक्सिब्युटिनिन मूत्राशयाचे आकुंचन शमविते ते मस्कॅरिनिक ग्राहके अडवूनच, आणि ते मेंदूतही शिरते. हायड्रॉक्सिझिन हे खाजेवरचे जुने औषध. त्याचाही तोच उपद्रव. सर्पगंधा घनवटीच्या रूढ पाठात पारसीक यवानी व भांग पडते. म्हणजे प्रयोगशाळेत उंदराची स्मृती घालविण्यासाठी जे द्रव्य टोचतात, तेच थोड्या प्रमाणात आमच्या हातून रोज रात्री दिले जात होते आणि सकाळी त्याच रुग्णास ब्राह्मीघृत चाटविले जात होते. प्रयोगशाळेतील पूर्ण प्रतिकृतीच आम्ही उभी केली होती, एवढेच की तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

ही यादी येथेच संपत नाही. अॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, डायसायक्लोमिन, सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन ही सारी याच वाटेने जातात; क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही झोपेची औषधे निराळ्या वाटेने तेथेच पोचतात. आपल्याकडे कनकासव, सूतशेखर रस, नारदीय लक्ष्मीविलास यांत धत्तूर आहे. शोधनाने त्याचे वीर्य सौम्य होते आणि एका गोळीतील अंश अल्प असतो, हे मान्य. हे कल्प टाकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या वृद्धाच्या पोटात अशी दोन आधुनिक औषधे आधीच जात आहेत, त्यास हा अल्प अंशही तिसरा भार होतो.

अमेरिकेत सिएटल परिसरातील ६५ वर्षांवरील ३,४३४ जणांचा सरासरी ७.३ वर्षे पाठपुरावा करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की या वर्गातील तीव्र औषधांचे एकूण सेवन जितके अधिक, तितका पुढे स्मृतिभ्रंशरोग होण्याचा धोका अधिक. यावरून औषधानेच रोग झाला असे सिद्ध होत नाही. निद्रानाश वा अवसाद ही रोगाची पूर्वरूपे असू शकतात आणि त्यांसाठीच औषध दिले गेलेले असू शकते. तरी सावधगिरीस एवढे कारण पुरे.

आम्ही पुढे काय केले ते सांगतो. दोन्ही चिकित्सकांना पत्रे लिहिली. कोणतेही औषध आम्ही परस्पर थांबविले नाही. फेनिटॉइन किंवा क्लोनाझेपाम यांसारखे औषध एकाएकी थांबविल्यास प्राणावर बेतू शकते, आणि ही सवय सर्वच औषधांबाबत पाळलेली बरी. लघवीचे औषध बदलून दुसऱ्या वर्गातील दिले गेले, खाजेची गोळी बंद झाली. सर्पगंधा घनवटी आम्ही बंद केली आणि पादाभ्यंग सुचविला. ब्राह्मीघृत व सारस्वतारिष्टही थांबविले. कारण गुण आला तर तो कशाने आला, हे कळावयास हवे होते. बदल करण्यापूर्वी त्यांना तीन शब्द सांगितले : पेढा, खिडकी, बैल. पाच मिनिटे इतर बोलणे करून ते विचारले. एकही आठवला नाही. दोन आठवड्यांनी दुसरे तीन शब्द दिले, सहा आठवड्यांनी तिसरे. शब्द दर खेपेस बदलावे लागतात, नाहीतर उंदराप्रमाणे माणूसही सरावाने शिकतो. वेळ तीच, सकाळी अकराची, विचारणाराही तोच. दोन आठवड्यांनी एक शब्द आठवला, सहा आठवड्यांनी दोन. नातवाचे नाव ते आता सहज घेतात. तारीख मात्र अजून चुकते.

तीन औषधे एकाच पंधरवड्यात बदलल्यामुळे यश कोणत्या बदलाचे, हे आम्ही सांगू शकत नाही. एका रुग्णावरून नियमही करता येत नाही. सूनबाईंनी मात्र विचारले, "मग चार महिने ते तूप कशासाठी दिलंत?" त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

तेव्हापासून साठीपुढच्या प्रत्येक रुग्णास आम्ही पिशवी घेऊनच यावयास सांगतो, आणि प्रत्येक खेपेस ती रिकामी करवितो. गेल्या पावसाळ्यात त्याच निवृत्त गृहस्थांच्या पिशवीत एक नवी पट्टी निघाली. सर्दी झाली म्हणून दुकानातून आणलेली होती. घटकांत क्लोरफेनिरामिन होते.